‘बीज’चं ‘वीज’ होतं तेव्हा

जुनी पोथी उतरवून घेताना वाळवीने पाडलेलं भोक तितकंसं घातक नसतं. ते दिसतं आणि लिहिणारा थांबतो. फसगत होते ती ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पुसली गेली की. ‘बीज’चं ‘वीज’ होतं. पुढच्या नकलेत ते ठसठशीत शाईत उतरतं आणि चुकीची खूणही उरत नाही.

डीएनएमधली अशी रेघ पुसायला साधं पाणी पुरतं. सायटोसिन या बेसला, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराला, एक अमिनो गट असतो. पाण्याच्या रेणूशी अभिक्रिया होऊन तो कधीतरी निघून जातो, त्या जागी ऑक्सिजन बसतो आणि सायटोसिनचं युरॅसिल होतं. माणसाच्या एकेका पेशीत हे रोज शंभराहून अधिक वेळा घडत असावं. त्याला ना सिगारेट लागते, ना क्ष-किरण.

एवढ्याशा बदलाने जोडीदारच बदलतो. सायटोसिन ग्वानिनशी तीन हायड्रोजन बंधांनी जुळतं. अमिनो गट गेल्यावर युरॅसिलचा आकार ॲडेनिनला चपखल बसतो. म्हणून पहिल्या नकलेत समोर ग्वानिनऐवजी ॲडेनिन येतं आणि त्याच्या पुढच्या नकलेत ॲडेनिनसमोर थायमिन. सी-जीची झाली टी-ए.

बातम्यांत ‘डीएनएला इजा’ आणि ‘उत्परिवर्तन’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने येतात, ते मला खटकतं. इजा म्हणजे पुसलेली रेघ. ती ओळखता येते, दुरुस्त करता येते. उत्परिवर्तन म्हणजे त्यावरून उतरलेली स्वच्छ नक्कल. तिथे दोन्ही धागे एकमेकांची साक्ष काढतात, मग दुरुस्ती करणार कशाची?

नक्कल होण्याआधी पेशी काय करते, हे स्वीडनमध्ये जन्मलेल्या टोमास लिंडाल यांनी दाखवलं. डीएनएमधलं युरॅसिल शोधून कापणारं विकर त्यांनी 1974 मध्ये जिवाणूत ओळखलं. दुरुस्तीवरच्या कामासाठी 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. युरॅसिल हे आरएनएचं अक्षर, डीएनएच्या वर्णमालेतलं नव्हे. म्हणून ते परकं म्हणून चटकन पकडलं जातं. डीएनएने युरॅसिलऐवजी थायमिन का बाळगलं, याचं सर्वांत पटणारं उत्तर हेच आहे.

ऑक्सिजनचा उपद्रव आणखी निराळा. त्याने डागाळलेलं ग्वानिन, म्हणजे 8-ऑक्सोग्वानिन, कूस बदलून ॲडेनिनशी जुळतं आणि ही जोडी इतकी बेमालूम दिसते की नक्कल करणाऱ्या विकराची तपासणीही अनेकदा तिला सोडून देते. मग एमयूटीवायएच नावाचं विकर मागून येऊन समोरचं चुकीचं ॲडेनिन काढतं. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्यांच्या मोठ्या आतड्यात पॉलिप होतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

पण खरा ‘बीज-वीज’ घोटाळा वेगळाच. जनुकं बंद ठेवण्यासाठी पेशी काही सायटोसिनांवर मिथाइल गटाची खूण करते, बहुधा पुढचं अक्षर ग्वानिन असेल तिथे. असं खुणेचं सायटोसिन पाण्याने बिघडलं की युरॅसिल नव्हे, थेट थायमिन होतं. अक्षर वर्णमालेतलंच! ग्वानिनसमोर थायमिन बसलंय हे ओळखणारी विकरं आहेत, पण त्यांच्या हातून बरंच निसटतं. कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी53 जनुकात 175, 248 आणि 273 या क्रमांकांच्या जागा वारंवार बिघडलेल्या सापडतात. तिन्ही ठिकाणी एकाच धाग्यावर सायटोसिनमागोमाग ग्वानिन, अशी ही सी-जी जोडगोळी आहे. माणसाच्या साऱ्या डीएनएत ही जोडगोळी जितकी असायला हवी, त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी आज उरली आहे. बाकीची पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलांत ‘टी-जी’ किंवा ‘सी-ए’ होऊन बसली.