धान घरी आलं की पडदा वर जातो

भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की वाटेत अड्याळ लागतं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. गावाचं हनुमान मंदिर पंचक्रोशीला ठाऊक आहे. दिवाळी सरते, धान कापून घरी येऊ लागतं आणि या पट्ट्यातल्या गावागावांत एकच विचारणा सुरू होते: औंदा नाटक कोणतं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा हा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथली रंगभूमी शहरातल्या नाट्यगृहांवर अवलंबून नाही, ती शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेली आहे. दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, होळीपर्यंत तिचा हंगाम. मंडईच्या दिवशी लेकी माहेरी येतात, घराघरांत पाहुणे उतरतात, दुपारी दंडार हे नाचगाण्याचं लोकनाट्य रंगतं आणि रात्री नाटक. याच गर्दीत सोयरिकीही जुळतात. शंकरपट असला तर दिवसा बैलांच्या जोड्या धावतात आणि रात्री तोच प्रेक्षक शामियान्यात शिरतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटाबरोबर गर्दीही आटली आणि त्याचा फटका नाटकांना बसला. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा नाटकवाल्यांनाही हायसं वाटलं.

या साऱ्या कारभाराचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या या गावात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावचं मंडळ तिथे जाऊन तारीख पक्की करतं आणि इसार देतं. मग तिकीट, शामियाना आणि पाहुण्यांची सोय ही गावाची जबाबदारी.

पडदा वर जाण्याआधी रंगपटात डोकावलं तर नट आरशासमोर रंग लावत असतात आणि जवळच कुणीतरी संहितेची वही चाळत असतो. तो प्रॉम्प्टर. हंगामात आज या गावी तर उद्या त्या गावी प्रयोग, तालमीला सवड थोडी. म्हणून पडद्याआडून हलक्या आवाजात वाक्य पुरवणारा हा माणूस अख्खं नाटक तोलून धरतो. नट ते वाक्य कानाने झेलतो आणि त्याच क्षणी आपल्या लकबीत, आपल्या आवाजात शामियान्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. समोर पेटी-तबला सज्ज असतो. प्रयोग रात्री सुरू होतो आणि उजाडायला आलं की संपतो. इतका वेळ हजारो माणसांना थंडीत जागं ठेवणं हे अव्वल दर्जाचं नटकर्म आहे. त्याला ‘ग्रामीण’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा पहाटेच्या अंकाला बसून पाहावं.

या नटांमधलं सर्वांत मोठं नाव डॉ. परशुराम खुणे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे शेतकरी. ‘एकच प्याला’, ‘लग्नाची बेडी’, ‘सिंहाचा छावा’, ‘मरीमायचा भुत्या’ अशी 800 नाटकं आणि 5000 च्या वर प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. विनोदी भूमिकांमुळे लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणू लागले. 2023 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा झाडीपट्टीबाहेरच्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. पाच हजार रात्री गाजवलेला नट उरलेल्या महाराष्ट्राला पद्म पुरस्काराच्या यादीतून कळावा, ही खंत करण्यासारखीच गोष्ट आहे.

दूर स्वीडनमध्येही अशाच फिरत्या मंडळ्यांमधून मोठे नट घडले. विक्टर स्योस्त्रोम (जन्म 1879) तरुण वयात शेजारच्या फिनलंडमध्ये गावोगाव नाटकं करत होते. 1912 मध्ये ते चित्रपटात आले. ‘क्योरकार्लेन’ हा 1921 चा मूकपट त्यांनी दिग्दर्शित केला, त्यात मुख्य भूमिकाही केली. पुढे 1957 मध्ये, अठ्ठ्याहत्तरीला टेकलेले असताना, इंगमार बर्गमनच्या चित्रपटात ते पुन्हा नायक झाले. त्यांचे कित्येक मूकपट आज हरवले आहेत, पण जे उरले त्यांतून शंभर वर्षांनंतरही त्यांचा चेहरा आणि चाल दिसते. झाडीपट्टीत दंडारीत लुगडं नेसून नाचलेल्या पुरुष नटांच्या पिढ्यांना हे भाग्य लाभलं नाही. त्यांचा अभिनय पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहिला आणि पाहणाऱ्यांबरोबर गेला.

काही जणांनी ही परंपरा जपणं आणि पुढे नेणं मनावर घेतलं. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर ग्रंथ लिहिला, झाडीबोलीला साहित्यात हक्काची जागा मिळवून दिली. नवरगावचे सदानंद बोरकर शेतकऱ्याच्या मरणाचा प्रश्न ‘आत्महत्या’ या नाटकातून थेट शेतकऱ्यांपुढेच घेऊन गेले. पण एवढ्याने भागणार नाही. प्रयोगाची हस्तपत्रकं वाऱ्यावर जातात, प्रॉम्प्टरच्या वह्यांना वाळवी लागते.

म्हणून अड्याळच्या आणि आसपासच्या गावांतल्या नाट्य मंडळांना एक विनंती. यंदा नाटक ठरवाल तेव्हा त्याचं हस्तपत्रक जपून ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. कंपनीची संमती घेऊन प्रयोगाचं पूर्ण चित्रीकरण करा. आणि गावात दंडारीत नाचलेला कुणी म्हातारा नट असेल, तर त्याला समोर बसवून त्याच्या भूमिका, त्याची गाणी त्याच्याच आवाजात नोंदवून घ्या. हे काम पुढच्या हंगामावर टाकू नका.