गल्लीचे विद्यापीठ

कुमारवयातून प्रौढत्वाकडे जाणाऱ्या नायकाची कथा हा युरोपीय कादंबरीचा एक प्रतिष्ठित प्रकार होय. गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून (१७९५-९६) त्याची परंपरा सांगितली जाते. नायक घर सोडतो, भटकतो, ठेचकाळतो, शिकतो आणि अखेरीस समाजात आपले स्थान मिळवतो. या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: भटकण्यास लागणारी सवड नायकापाशी आहे. ज्या मुलाला मिसरूड फुटण्याच्या वयातच घरखर्चाचा भार उचलावा लागतो, त्याची जडणघडण व्हावी कोठे आणि केव्हा? नारायण सुर्वे यांनी आपल्या कवितासंग्रहाला 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे नाव दिले, त्यातच या प्रश्नाचे एक उत्तर आहे. झोया अख्तर यांच्या 'गली बॉय' (२०१९) या हिंदी चित्रपटाचा विचार याच प्रश्नाच्या अनुषंगाने केला पाहिजे.

या चित्रपटाचे एक भावंड अमेरिकेत आहे. ख्रिस रॉबिन्सन दिग्दर्शित 'एटीएल' (२००६) ही अटलांटा शहरातील श्रमिक वस्तीतल्या तरुणांची कथा. आईबापाविना वाढलेला रशाद काकाबरोबर साफसफाईची कामे करतो, धाकट्या भावाला सांभाळतो. आणि रविवारी रात्री मित्रांसह पायांना चाके लावून स्केटिंगच्या रिंकवर उतरतो. अमेरिकेत एके काळी अशा रिंकवर कृष्णवर्णीयांना मज्जाव असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गुळगुळीत फरशीचे मोल कळते. आठवडाभर दुसऱ्याची फरशी पुसणाऱ्याला एक रात्र स्वतःची फरशी मिळते. तेथील संगीत हिपहॉप आहे. पण तोल सावरणे आणि दुसऱ्याच्या गतीशी गती जुळवणे हे शिक्षण ही मुले जोडीजोडीने, घोळक्याने घेतात.

धारावीच्या मुरादपाशी अशी फरशीही नाही. त्याच्याकडे एक वही आहे. वडील जखमी झाल्यामुळे त्यांच्या जागी तो श्रीमंत कुटुंबाची मोटार चालवू लागतो. एका रात्री मालकाची मुलगी मागच्या आसनावर रडत असते. वयाने दोघे बरोबरीचे. परंतु नोकराने सांत्वनाचा शब्द काढणे रीतीत बसत नाही. न उच्चारलेला तो शब्द वहीत उतरतो. चित्रपटाचे मर्म या प्रसंगात आहे. मुरादची कविता सवडीतून जन्मत नाही, ती बोलण्याच्या मनाईतून जन्मते.

हिपहॉप हे या कवितेचे साहजिक रूप ठरते, याची कारणे त्या कलेच्या घडणीत आहेत. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, दारिद्र्याने पोखरलेल्या वस्तीत ती उदयास आली. तिला वाद्य लागत नाही, गुरूची गंडाबंधनी लागत नाही. ठेका आणि उच्चार पुरतात. तिचा निवेदक 'मी' म्हणून बोलतो आणि आपल्या वस्तीचे नाव अभिमानाने घेतो. ज्या दोघा रॅपरांच्या आयुष्यावरून चित्रपटाला प्रेरणा मिळाली त्यांपैकी डिव्हाइन अंधेरीचा, तर नेझी कुर्ल्याचा. नेझीने आपले पहिले गाजलेले गाणे २०१४ मध्ये वडिलांनी दिलेल्या आयपॅडवरच ध्वनिमुद्रित आणि चित्रित केले होते. या गाण्यांची भाषा मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी आहे. ती अशुद्ध म्हणून हिणवली गेली. येथे मात्र तीच प्रामाण्याची खूण बनते.

तथापि या चित्रपटाविषयी एक गंभीर प्रश्न उरतो. मुरादचा सवंगडी मोईन मोटारी चोरतो, लहान मुलांकरवी अमली पदार्थ विकतो. त्याच्याबरोबर एका चोरीत मुरादही सामील असतो. दोघांची गल्ली एक, अडचणीही बहुतांशी त्याच. अखेरीस मोईन तुरुंगात जातो आणि मुराद रंगमंचावर. गटेचा नायक समाजात परततो. मुराद वस्तीतून वर काढला जातो. स्पर्धा जिंकणारा एकच असतो. हरलेल्यांचे काय, याचे उत्तर स्पर्धेच्या कथेत सामावत नाही. 'एटीएल'मध्ये निदान रविवारची रात्र सर्वांच्या मालकीची होती.

या प्रश्नाला नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटाने वेगळे वळण दिले. नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या या कथेत नावाप्रमाणेच झुंड हाच नायक आहे, आणि विमानात बसण्यापूर्वी एका मुलाला पासपोर्ट व पोलिसांतील नोंद या भिंती ओलांडाव्या लागतात. राजधानीतही हीच जाणीव वेगळ्या माध्यमातून उमटली आहे: पश्चिम दिल्लीच्या टिळकनगरातील प्रभ दीप याच्या 'क्लास-सिख' (२०१७) या गीतसंग्रहात गाणाऱ्याबरोबर त्याच्या सवंगड्यांची वाताहतही येते.

'गली बॉय'चे श्रेय यामुळे उणावत नाही. कष्टकऱ्याच्या मुलाचे मोठे होणे म्हणजे केवळ कमावते होणे नव्हे, तर स्वतःच्या बोलीत स्वतःला उच्चारणे होय, हे त्याने लक्षावधी प्रेक्षकांना पटवून दिले. परंतु गल्ली हे जर विद्यापीठ असेल, तर त्याची परीक्षा एका विद्यार्थ्याच्या प्रथम क्रमांकावरून करता येणार नाही. जे अनुत्तीर्ण ठरले त्यांचीही नावे घेणारी कलाकृतीच त्या विद्यापीठाची खरी साक्ष देऊ शकेल.