भाकरीचा हिशेब आणि मेकफाईल

आष्टी तालुक्यातल्या कड्याला एखाद्या घरी सकाळी चुलीपाशी जाऊन पाहा. ज्वारीचे पीठ, पिठाची भाकरी. डब्यात पीठ शिल्लक असले, तर घरची बाई पुन्हा दळण पाठवीत नाही. सरळ परात पुढे ओढते. हेच शहाणपण संगणकाला शिकवणारी एक फाईल असते. तिचे नाव मेकफाईल.

सी भाषेतील लायब्ररी अनेक फाइलींत लिहितात. कंपायलर एकेका फाइलीचा यंत्रभाषेतला तुकडा करतो आणि ते तुकडे जोडून लायब्ररी होते. एक ओळ बदलली म्हणून सगळ्याच फाइली पुन्हा दळायच्या का? शिवाय बदललेलीच दळायची राहिली तर? अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत असेच झाले. एकाने चूक दुरुस्त केली, पण ती फाईल पुन्हा कंपाईल केली नाही. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्याची सकाळ गेली. त्यावरून स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली 'मेक' तयार केला.

मेकफाईलच्या नियमात तीन गोष्टी येतात : काय करायचे, कशापासून आणि कसे. कृतीची ओळ टॅबने सुरू करावी लागते. तिथे साध्या मोकळ्या जागा दिल्या की मेक अडून बसतो.

आता मेकला बदल कळतो कसा? तो फक्त फाइलींच्या वेळा पाहतो. मूळ फाईल तुकड्यापेक्षा नवी असेल, तरच पुन्हा कंपाईल. म्हणून जुन्या संगणकातला सेल संपून घड्याळ मागे गेले असेल, तर तुम्ही आज केलेला बदलही त्याला जुनाच वाटेल! आधी घड्याळ लावून घ्या.

दुसरा धोका हेडर फाइलींचा. त्यांची नावे नियमात नसली, तर हेडर बदलूनही काही तुकडे जुनेच राहतात, आणि उत्तर चुकते ते मुकाट्याने. ही यादी हाताने लिहीत बसू नका. जीसीसी किंवा क्लँगला सांगितले, की कंपाईल करता करता ते ती लिहून देतात.

बरे, कड्याच्या विद्यार्थ्याने लिनक्सवर लायब्ररी केली आणि पुण्याच्या मित्राकडे विंडोज असले, तर? सामायिक लायब्ररीच्या नावाचे शेपूट लिनक्सवर 'एसओ', विंडोजवर 'डीएलएल' आणि मॅकवर 'डायलिब'. असले फरक नियमांत विखरू नयेत. फाइलीच्या आरंभीच यंत्राची ओळख करून घ्यावी. लिनक्स व मॅकवर 'युनेम' ही आज्ञा नाव सांगते. विंडोजवर 'ओएस' नावाच्या चलात ते आधीच असते. त्यानुसार कंपायलर, शेपूट आणि सूचना ठरवाव्यात. खालचे नियम सर्वांना एकच. मात्र प्रत्येक यंत्राचे तुकडे वेगळ्या फोल्डरात ठेवा. ज्वारी-बाजरीचे पीठ आपण एका डब्यात ओतीत नाही ना?

शेवटी परीक्षा घ्या. सगळे मित्राच्या यंत्रावर न्या आणि नुसते 'मेक' म्हणा. तुम्हाला फोन न करता त्याची लायब्ररी तयार झाली, तर तुमची मेकफाईल बरोबर आहे.