पंथ सोडला, पण भीती मनातून जाईना; असं का होतं आणि त्यावर काय करता येतं?

एखादं घर कडक नियमांच्या पंथातून बाहेर पडलं की गावात दोन दिवस चर्चा होते. ‘सुटला एकदाचा’ असं काही जण म्हणतात, ‘आता भोगेल’ असं पंथातले म्हणतात. तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. त्या घरातल्या माणसाचं अवघड काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. गळ्यातली माळ काढायला मिनिट लागत नाही. दहा-पंधरा वर्षं डोक्यात बसलेलं निघायला बरेच महिने लागतात, काहींना काही वर्षंही लागतात.

इथे कडक पंथ म्हणजे काय, हे आधी बघू. पायी वारी करणारा, शुक्रवारी नमाजाला जाणारा, रविवारी चर्चमध्ये बसणारा माणूस या लेखाचा विषय नाही. असे बंदिस्त गट सगळ्याच धर्मांत निघतात आणि त्यांची ओळख साधी आहे. गुरूंना प्रश्न विचारलेला चालतो का? बाहेरच्याच्या घरी पाणी पिता येतं का, मामाच्या मुलीच्या लग्नात जेवता येतं का? आजारपणात आधी डॉक्टर की आधी अंगारा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो सोडून गेला त्याच्याशी बोलायची मुभा आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिथून निघणाऱ्याला पुढचं सगळं थोडंफार सोसावं लागतं.

म्हैस दगावली की शंका येते

समजा, एका घराने चैत्रात पंथ सोडला. आषाढात म्हैस दगावली. दिवाळीच्या आधी बोअर आटला. पोराला दहावीत गणितात कमी मार्क पडले. रात्री अंथरुणावर पडल्यावर एकच विचार येतो, ‘त्यांनी सांगितलं होतं तसंच होतंय.’ दिवसा पारावर बसून हाच माणूस ‘शाप-बिप काही नसतं’ म्हणत असतो. तो खोटं बोलत नसतो. डोक्याला पटलेलं असतं, पण पोटात अजून धास्ती असते.

यावर एक शेतकऱ्याला जमेल असा उपाय आहे. वही घ्यायची आणि पंथात असतानाच्या वर्षांचा हिशोब मांडायचा. कोणत्या साली गारपिटीने द्राक्षं गेली, कधी कांदा मातीमोल गेला, कुणाचं ऑपरेशन झालं, कोण अकाली गेलं. आठवून आठवून लिहायचं. मग लक्षात येतं की संकटं तेव्हाही येतच होती. फरक एवढाच, की तेव्हा त्यांना ‘परीक्षा’ म्हणायचे, किंवा ‘गुरुकृपा होती म्हणून थोडक्यात निभावलं’ म्हणायचे. आत असताना म्हैस मेली तर परीक्षा, बाहेर पडल्यावर मेली तर शिक्षा. असा हिशोब कधीच गुरूच्या विरुद्ध जात नाही, कारण दोन्ही बाजूंनी त्याचीच जमा होते. वहीच्या दुसऱ्या पानावर अजून पंथात असलेल्या चार घरांचं याच वर्षाचं लिहावं. त्यांचाही बोअर बहुतेक आटलेलाच असतो. पाणी सगळ्यांचं एकाच जमिनीतून येतं.

वही लिहिली तरी अंगातली भीती लगेच जात नाही. आरतीची ठराविक चाल कानावर आली की छातीत धडधडतं. पहाटे चारला आपोआप जाग येते आणि उठून बसावंसं वाटतं. जुन्या माणसांना मोटेचे बैल आठवत असतील. धावेवर वर्षानुवर्षं चाललेला बैल हाकणाऱ्याने हाक दिली नाही तरी ठरल्या जागी थांबायचा आणि ठरल्या जागी मागे सरायचा. माणसाचं शरीरही सवयीने शिकतं. नियम मोडला की भीती, पाळला की सुटका, हे हजारदा घडलं की धाक घालणारा समोर नसला तरी धाक उरतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्लीन वाईनेल यांनी कडक धर्मगट सोडलेल्या लोकांबरोबर अनेक वर्षं काम केलं आणि या त्रासाला ‘धार्मिक आघात’ अशा अर्थाचं नाव दिलं. डॉक्टरांच्या अधिकृत आजारांच्या यादीत ते नाव नाही. पण झोप उडणं, अपराधी वाटणं, साधा निर्णयही घेता न येणं, ही लक्षणं खरी असतात. तो देवाचा कोप नव्हे आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे.

सवयीने शिकलेलं सवयीनेच उतरतं. बाहेरच्या घरी जेवायला बंदी होती ना, मग शेजाऱ्याकडे आधी नुसता चहा घ्यावा. पहिल्यांदा कपबशी हातात थरथरते. पाच-सहा वेळा झालं की थरथर कमी होते, कारण काही वाईट घडत नाही हे शरीराला कळायला लागतं. एका वेळी एकच गोष्ट, आणि सोपी आधी. काही जण उलटं करतात. सोडल्याच्या पहिल्याच आठवड्यात चारचौघांना दाखवायला मटण, वर बाटली. रात्री अपराधाची भावना दुप्पट होऊन उरावर बसते आणि महिन्याभरात गडी माफी मागायला मठाच्या दारात उभा असतो. ज्याला मटण खायचंय त्याने जरूर खावं, पण ते कुणाला तरी दाखवायला नको.

‘इतकी वर्षं आपण फसलो कसे?’

भीती ओसरली की लाज वर येते. सप्ताहाला दिलेली वर्गणी, मठाच्या बांधकामाला विकलेला गुंठा, ज्यांना आपणच ओढून पंथात नेलं ती माणसं. ‘एवढं शिकलेलो, तरी कळलं कसं नाही?’ हा प्रश्न सुटत नाही.

याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच्या एका अभ्यासातून बरंचसं मिळतं. अमेरिकेत शिकागोजवळच्या एका छोट्या गटाची अशी खात्री होती, की २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार आणि परग्रहावरचे लोक फक्त आपल्याला वाचवणार. काहींनी नोकऱ्या सोडल्या. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी त्या गटात मिसळून निरीक्षण करत होते. पूर काही आला नाही. जे त्या रात्री एका घरात एकत्र बसून वाट बघत होते, त्यांच्यातल्या बहुतेकांनी विश्वास सोडला नाहीच, उलट ते जोमाने प्रचार करायला लागले. ‘आपल्या भक्तीमुळेच जग वाचलं’ असं त्यांनी मनाला समजावलं. पण जे सुट्टीला आपापल्या घरी गेले होते आणि एकटे वाट बघत होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा विश्वास ढासळला. १९५६ मध्ये हे पुस्तकरूपाने छापून आलं.

यातून दोन गोष्टी समजतात. जितकं जास्त दिलेलं असतं तितकं ‘चुकलं’ म्हणणं जड जातं, हे एक. पैसे बुडालेल्या धंद्यात माणूस आणखी पैसे घालतो तसंच ते आहे, त्यात शिक्षणाचा संबंध कमी. आणि दुसरं, विश्वास टिकतो तो आजूबाजूच्या माणसांच्या आधाराने. सोबत बसलेले वीस जण मान डोलावत असताना एकट्याने शंका काढणं कुणालाच सोपं नसतं. ज्याने ती काढली आणि उठून आला, त्याच्या अकलेवर हसण्याचा अधिकार पारावरच्या मंडळींना नाही. त्यातल्या निम्म्यांनी चिटफंडात पैसे घातलेले असतात.

रिकामी संध्याकाळ

पंथाने काहीच दिलं नव्हतं असं म्हणणंही खरं नाही. पेरणीला माणसं यायची. दवाखान्यात कुणी ना कुणी डबा घेऊन यायचं. पोरीचं स्थळ पंथातूनच आलं. दारू सुटली तीही तिथेच. हे सगळं मान्य केलं तरी सोडण्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही. उलट, जे चांगलं होतं त्याची आठवण येणं आणि डोळ्यात पाणी येणं हे दुखवट्यासारखंच आहे. त्याला वेळ द्यावा लागतो.

बायकांची गोष्ट यात वेगळी आहे आणि ती फार कमी बोलली जाते. अनेक घरांत सुनेला एकटीने उंबरा ओलांडायची परवानगी फक्त बैठकीसाठी असायची. आठवड्यातले तेच दोन तास तिचे हक्काचे. नवऱ्याने एक दिवस ठरवलं, ‘आजपासून बंद’, की त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि तिचा मात्र घराबाहेरचा एकमेव रस्ता बंद होतो. तिला विचारून निर्णय झाला नसेल तर घरात धुसफूस राहणारच. बचत गट, माहेर, मैत्रिणी, काहीतरी तिच्यासाठी आधी मोकळं करावं लागतं. नाहीतर एक हुकूम गेला आणि दुसरा आला, एवढंच तिच्या वाट्याला येतं.

बैठकीची जी वेळ होती तीच रोज खायला उठते. त्याच वेळेला दुसरं काम ठरवून घेतलं तर बरं जातं. डेअरीवर दूध घालायला स्वतः जाणं, पोरांचा अभ्यास, भजनाची आवड असेल तर गावच्या देवळातलं साधं भजन. मात्र लगेच दुसऱ्या बाबाकडे जाणं धोक्याचं. रिकाम्या मनाला पुन्हा कुणीतरी ‘हे कर, हे करू नको’ सांगणारा हवाच असतो आणि तसा माणूस सापडायला वेळ लागत नाही. वर्षभर तरी कुणाचीच दीक्षा घेऊ नये. उठायचं कधी, खायचं काय, पोराला कुठल्या शाळेत घालायचं, हे आपलं आपण ठरवायची सवय आधी लागू द्यावी.

देवही सोडायचा का, असा प्रश्न बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. ज्याचं त्याने ठरवावं. मुंबईतले असगर अली इंजिनिअर यांचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. त्यांचे वडील दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरूंचे प्रतिनिधी, म्हणजे आमिल होते. असगर अलींनी धर्मगुरूंच्या सत्तेला प्रश्न विचारले, समाजातून बहिष्कार ओढवून घेतला, त्यांच्यावर हल्लेही झाले. तरी २०१३ मध्ये वारले तोपर्यंत ते इस्लामचे अभ्यासक आणि श्रद्धावान मुसलमान राहिले. दुसरीकडे, पंथ सोडल्यावर कुठल्याच देवाला हात न जोडणारेही समाधानाने जगतात. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

भावकी आत, आपण बाहेर

सगळ्यात जास्त टोचतं ते घरचं. भाऊ अजून पंथात आहे, बांध एक आहे, विहीर सामाईक आहे. वरून निरोप येतो, ‘त्याच्याशी व्यवहार ठेवू नका.’ मग पाण्याची पाळी कळवायलासुद्धा तिसरा माणूस लागतो.

इथे कायदा माहीत असलेला बरा. समाजातून बाहेर काढण्याविरुद्ध मुंबई राज्यात १९४९ मध्ये कायदा झाला होता, पण बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियम केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तो फक्त जातपंचायतीपुरता नाही, एकाच धर्मपंथाच्या गटालाही लागू होतो. लग्न-मयतीला येऊ न देणं, स्मशानभूमी वापरू न देणं, संबंध तोडायला इतरांना भाग पाडणं, हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. ‘तुझ्यावर भूत सोडू’ अशी धमकी असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भाऊ स्वतःहून रुसून बोलत नसेल तर तो मात्र गुन्हा नाही, तिथे पोलीस काही करू शकत नाहीत. बैठकीत सगळ्यांना तसा हुकूम दिला गेला असेल तर तारीख, वेळ, व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवावेत.

दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असं झालं तर वाट बघू नये. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायला संकोच वाटला तरी बोलता येईल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. डॉक्टरांना ‘नुसती झोप येत नाही’ एवढंच न सांगता पंथ सोडल्याचंही सांगावं, म्हणजे त्यांना धागा सापडतो.

भावाशी बाबावरून वाद घालून आजवर कुणी भाऊ परत आणलेला दिसत नाही. विहिरीची पाळी, आईच्या गोळ्या, सोसायटीचं कर्ज, एवढ्यापुरतं का होईना बोलणं चालू ठेवावं. आणि कधी तोच भाऊ रात्री उशिरा दार वाजवून, इकडचं तिकडचं बोलत, ‘तुला पहिल्या महिन्यात झोप लागायची का रे?’ असं विचारायला लागला, तर ‘मी आधीच सांगितलं होतं’ असं म्हणू नये. त्याला आत घ्यावं, चहा ठेवावा आणि आपल्याला झोप कधी लागायला लागली ते सांगावं.