रात्री नऊ वाजता इंटरनेट का मंदावते?

कुपवाडमध्ये राहणारे माझ्या परिचयाचे एक गृहस्थ मध्यंतरी चिडूनच भेटायला आले. घरी इंटरनेटची ५० एमबीपीएसची जोडणी. सकाळी सगळे झकास चालायचे, रात्री आठ-साडेआठ झाले की अडकायला लागायचे. तक्रार केली तर कंपनीचा माणूस म्हणाला, 'काका, मोठा प्लॅन घ्या.' त्यांनी १०० एमबीपीएसचा घेतला आणि सवलत मिळते म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले. पंधराच दिवसांनी मुलीची नोकरीची मुलाखत होती, संगणकावरून. घेणारे अमेरिकेत, म्हणून वेळ आपल्याकडची रात्री साडेआठची. तिसऱ्या प्रश्नाला आवाज गेला तो पुन्हा आलाच नाही.

जास्त पैसे भरून वेग का वाढला नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

उत्तरासाठी आपला रेडिओच घ्या. हे भाषण दहा जण ऐकोत की दहा लाख, प्रक्षेपण तेच. तुम्ही रेडिओ लावलात म्हणून शेजाऱ्याचा आवाज कमी होत नाही. इंटरनेटचे तसे नाही. तिथे प्रत्येक घरासाठी चित्राची आणि आवाजाची वेगळी प्रत निघते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच अ‍ॅपवर एका वेळी ५ कोटी ९० लाख पडद्यांवर पाहिला जात होता. त्या प्रत्येक पडद्याला त्याचा वाटा स्वतंत्रपणे पोचवावा लागला.

हा वाटा घरापर्यंत येतो तो टप्प्याटप्प्याने: मुंबई-पुण्याकडून स्थानिक केंद्रापर्यंत, तिथून गल्लीपर्यंत, गल्लीतून घरात. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्याचा असतो. हा टप्पा आता फायबरमुळे पुष्कळ सुधारला आहे. नेहमीच्या पद्धतीत एका फायबरवर सुमारे २,५०० एमबीपीएस येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तिथे सहसा अडत नाही. अडते ते मागे. समजा, एखाद्या व्यावसायिकाने ५०० घरांसाठी वरून १,००० एमबीपीएस घेतले आहेत. चांगल्या दर्जाच्या एका चित्रपटाला साधारण पाच एमबीपीएस लागतात. म्हणजे २०० घरांत एकाच वेळी चित्रपट सुरू झाला की वरची वाट भरली! मग तुमचा प्लॅन ५० चा असो की १०० चा, वाट तेवढीच. सकाळी नळाला सगळ्या गल्लीने एकदम मोटर लावल्यावर जे होते तेच हे.

अशी वाटणी म्हणजे फसवणूक नव्हे. ती नसती तर महिन्याचे बिल आपल्याला परवडलेच नसते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नासपर्यंतचे प्रमाण सांगितले होते. फसवणूक सुरू होते ती वाट भरलेली असतानाही नवे ग्राहक घेत राहण्यात आणि त्यांना मोठा प्लॅन विकण्यात. एक गंमत सांगतो. ब्रॉडबँड कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ पासून दोन एमबीपीएस आहे. शंभरचे बिल भरणाऱ्याला रात्री तीन एमबीपीएस मिळाले, तरी व्याख्येप्रमाणे ते ब्रॉडबँडच!

'पण यूट्यूब तर नीट चालते', असे पुष्कळ जण म्हणतात. बरोबर आहे. अशा मोठ्या कंपन्या आपले लोकप्रिय व्हिडिओ इंटरनेट कंपन्यांच्याच केंद्रात साठवून ठेवतात, त्यामुळे ते जवळून येतात. ऑनलाइन परीक्षा, कार्यालयाचे काम, मुलाखत यांना मात्र त्या भरलेल्या वाटेनेच जावे लागते. वेग मोजण्याच्या चाचणीतही हीच गफलत होते. चाचणीचे केंद्र तुमच्याच कंपनीचे असेल तर आकडा छान येतो. मुंबईतले दुसऱ्या कंपनीचे केंद्र निवडून पाहा.

मात्र कंपनीवर खापर फोडण्याआधी आपले घर तपासावे. भिंतीआडच्या वायफायचा दोष कंपनीच्या माथी मारला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच, आणि दाट वस्तीत ते शेजाऱ्यांच्या वायफायनेच भरतात. म्हणून लॅपटॉप राउटरला वायरने जोडा आणि तीन दिवस सकाळी सहाला व रात्री नऊला वेग मोजून वहीत लिहा. वायरने चांगला, वायफायवर वाईट, तर दोष घरात. दिवसभर चांगला नि रात्री वाईट, तर वाट भरते आहे. एका तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत चोवीस तास मंद, तर डेटाची मर्यादा संपली. 'अनलिमिटेड'मध्येही ती असते, अनेक योजनांत ३,३०० जीबी. आमच्या गृहस्थांच्या वहीत सकाळी ९६ आणि रात्री ७ असे आकडे निघाले.

नवी जोडणी घेताना मोठ्या नावावर जाऊ नये. आपल्यासारख्या गावांत बिल मोठ्या कंपनीचे असले तरी वायर अनेकदा स्थानिक केबलवाल्याची असते. पुण्याच्या भाच्याचा अनुभव कुपवाडला लागू पडेलच असे नाही. त्यापेक्षा आपल्याच गल्लीत, त्याच कंपनीचा ग्राहक असलेल्याच्या घरी रात्री नऊला जाऊन बसा. एमआयडीसीत कारखाना किंवा कार्यालय असेल तर दुपारी मोजा, तिथली गर्दीची वेळ वेगळी. फायबर थेट घरात येणार की शेजारच्या गच्चीवरच्या पेटीतून साधी वायर ओढणार, हेही विचारा. पेटीला वीज लागते, आणि तिथली वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही उपयोग नाही. आणि पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा.

तक्रार तोंडी करू नका, तिचा क्रमांक घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडेही जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे ती वही कामाला येते.

त्या गृहस्थांनी वही दाखवल्यावर कंपनीने तीन महिन्यांचे पैसे परत केले, बाकीचे नाहीत. त्यांनी समोरच्या घरी रात्री मोजून दुसरी जोडणी घेतली आहे. मुलीने पुन्हा वेळ मागून घेतली आणि ती मुलाखत मोबाइलच्या इंटरनेटवर दिली. निकाल अजून यायचा आहे.