श्रद्धा सांगणारा पाहुणा

प्रवासात जोडलेल्या स्नेह्याशी हवापाणी, बाजारभाव, मुलेबाळे यांविषयी बोलणे सोपे असते. देवाविषयी बोलणे अवघड. त्यातही बोलणारा ख्रिस्ती, ऐकणारा मुसलमान आणि देश ऐकणाऱ्याचा असला, तर ही अडचण दुणावते. दोघेही एकच ईश्वर मानतात, इब्राहीम आणि मूसा दोघांनाही वंदनीय आहेत, येशूचा जन्म कुमारी मरियमच्या पोटी झाला याबद्दलही दोघांत वाद नाही. परंतु येशू हा ईश्वराचा पुत्र की ईश्वराचा प्रेषित, या एका प्रश्नापाशी वाटा फुटतात आणि तेथून पुढे तडजोडीला जागा उरत नाही. अशा वेळी श्रद्धावंताने काय करावे? स्नेह टिकावा म्हणून मौन पाळावे, की ज्याला आपण सत्य मानतो ते सांगून स्नेहच पणाला लावावा? हा प्रश्न नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी इराणमधील शिराझ नगरीत एका प्रवाशासमोर तो उभा राहिला होता, आणि त्याची हकीकत आजही विचार करायला लावणारी आहे.

हेन्री मार्टिन हा इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातला. जन्म १७८१ चा. केंब्रिजमध्ये गणिताच्या परीक्षेत तो १८०१ साली सर्वप्रथम आला. पण तो मान मागे टाकून १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मोपदेशक म्हणून हिंदुस्थानात दाखल झाला. दानापूर आणि कानपूर येथे राहून त्याने ‘नव्या करारा’चे उर्दू भाषांतर केले. फारसी भाषांतराचेही काम चालले होते. पण ते अरबी शब्दांनी इतके जड झाले होते की जाणकारांनी ते नापसंत ठरविले. तेव्हा फारसी शिकायची ती फारसी बोलणाऱ्यांच्या देशात, असे ठरवून १८११ च्या जानेवारीत त्याने कलकत्ता सोडले. त्याच जहाजात पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून निघालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्याचा सहप्रवासी होता. वाटेत गोवे पाहून मार्टिन मुंबईस उतरला, तो दिवस त्याच्या तिसाव्या वाढदिवसाचा. क्षयाने पोखरलेली प्रकृती घेऊन तो तेथून बुशहरमार्गे त्या वर्षीच्या जूनमध्ये शिराझला पोहोचला.

बागेतली बैठक

शिराझ ही सादी आणि हाफिज यांची नगरी. तेथे जाफर अली खान नावाच्या सद्गृहस्थाने या परधर्मी पाहुण्याला आपल्या घरी ठेवून घेतले. खानाचा मेहुणा मिर्झा सय्यद अली हा सूफी वळणाचा, जिज्ञासू आणि फारसीवर प्रभुत्व असलेला माणूस. भाषांतरात साहाय्य करण्याचे त्याने पत्करले. उन्हाळ्यात शहराबाहेरच्या बागेत, वाहत्या पाण्याकाठी, द्राक्षांच्या वेलींजवळ तंबू ठोकून हे दोघे काम करीत बसत.

ज्याला श्रद्धेची देवाणघेवाण म्हणता येईल, ती खऱ्या अर्थाने या बैठकीत घडली. भाषांतर करताना कोणताही शब्द चुकविता येत नाही. प्रत्येक वाक्यापाशी एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. आणि सांगणाऱ्याला आपण नेमके काय मानतो याचा निवाडा आधी स्वतःशी करावा लागायचा. येथे मार्टिन हा उपदेशक खरा, पण त्याहून अधिक तो विद्यार्थी होता. तो शुभवर्तमान सांगत होता, परंतु ते ज्या भाषेत सांगायचे ती त्याला सय्यद अलीकडून घ्यावी लागत होती. देणे आणि घेणे असे एकाच चटईवर चालले होते.

शहरात मात्र निराळाच प्रकार सुरू झाला. परदेशी पाद्री आला आहे हे कळताच मुल्ला, न्यायशास्त्री, सूफी असे सर्व जण त्याच्याकडे येऊ लागले. जाहीर वादविवाद झाले. मिर्झा इब्राहीम या मान्यवर विद्वानाने इस्लामच्या समर्थनार्थ अरबीत एक प्रबंध लिहिला. मार्टिनने त्याला फारसीत उत्तरे लिहिली. पुढे १८२४ मध्ये केंब्रिजच्या सॅम्युएल ली यांनी हे वाङ्मय इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही बाजूंची विद्वत्ता दिसते आणि सभ्यताही दिसते. पण या वादांनी कोणाचे मत पालटले असे मात्र दिसत नाही. युक्तिवादाला युक्तिवाद भेटला की माणूस आपला किल्ला अधिक मजबूत करतो, असाच बहुधा अनुभव येतो.

एक ओळ आणि एक जखम

वादाने जे झाले नाही ते एका लहानशा प्रसंगाने घडले. त्या काळी इराण आणि रशिया यांचे युद्ध चालू होते. युवराज अब्बास मिर्झा याच्या पराक्रमावर रचलेली एक द्विपदी सय्यद अलीने सहज ऐकविली. युवराजाने इतके ख्रिस्ती कापले की येशूने चौथ्या आसमानात महंमदाचा पदर धरून ‘आता पुरे’ अशी विनवणी केली, असा तिचा आशय. मार्टिनचा चेहरा उतरला. सय्यद अलीच्या ते ध्यानी आले. तो ओशाळला आणि एवढे लागण्यासारखे त्यात काय होते, असे त्याने विचारले. येशूचा अपमान होत असेल तर आपल्याला जगणेच असह्य होईल, असे मार्टिन उत्तरला. का, म्हणून पुन्हा प्रश्न आला. तेव्हा त्याने सांगितले, की कोणी डोळे उपटून काढले तर वेदना का होते हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

या उत्तरात तर्काचा लवलेश नाही. आणि तरीही शिराझमधल्या साऱ्या चर्चांमध्ये श्रद्धेचे याहून स्पष्ट निवेदन दुसरे नसावे. आपल्या स्नेह्याचे नाजूक स्थान कोठे आहे हे त्या क्षणी यजमानाला कळले. आपला प्रेषित ज्याला प्राणाहून प्रिय आहे त्या मुसलमानाला ही वेदना परकी वाटण्याचे कारण नव्हते. दोघांचे सिद्धांत जुळले नाहीत. पण भक्तीची जात एकच आहे, ही ओळख त्यांना पटली.

धोका कोणाला?

मार्टिन भित्रा नव्हता. १८१२ च्या जूनमध्ये वजिराच्या गोटात त्याला भर सभेत कलमा म्हणण्यास सांगण्यात आले. ईश्वर एक आहे आणि येशू त्याचा पुत्र आहे, असे तो म्हणाला. सभा खवळून उठली, जीभ जाळण्याची भाषा निघाली. समोर पडलेले हस्तलिखित पायदळी जाईल या भयाने त्याने ते मुकाट्याने कापडात गुंडाळले आणि तो बाहेर पडला.

परंतु येथे एक गोष्ट विसरता कामा नये. प्रवासी निघून जातो. यजमान मागे राहतो. पाहुण्याच्या धर्माकडे वळल्याचा नुसता संशय जरी सय्यद अलीवर आला असता, तरी त्याची किंमत त्याला आपल्याच गल्लीत, आपल्याच नातलगांत मोजावी लागली असती. आजही ही परिस्थिती सर्वत्र बदललेली नाही. सौदी अरेबियात इस्लामेतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला मुभा नाही. अमिरातीत चर्चेस आहेत, पण मुसलमानांत धर्मप्रचार करणे हा गुन्हा ठरतो. वसईहून वा गोव्याहून तेथे नोकरीस गेलेल्या ख्रिस्ती माणसाला हे ठाऊक असते. म्हणून पाहुण्याने स्वतःच्या धैर्याचा अभिमान बाळगण्यापूर्वी यजमानाच्या धोक्याचा हिशेब करावा. विचारले असता लपवू नये, आणि न विचारता लादू नये, ही मर्यादा येथे केवळ शिष्टाचाराची नाही. ती प्रेमाची आहे.

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याचा अर्थ आपल्या धर्माची तत्त्वे इतरांना समजावून सांगणे असा आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क असा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. या निकालावर मतभेद आहेत. पण कायद्याला जी रेषा आखणे जड जाते ती शिराझच्या बागेत सहज आखली गेली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे सांगणाऱ्याच्या पाठीशी ना फौज होती, ना पैशाचे आमिष. आणि ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक होती.

ते फारसी भाषांतर १८१२ च्या फेब्रुवारीत पुरे झाले आणि १८१५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे छापले गेले. ते पाहण्यास मार्टिन उरला नव्हता. मायदेशी जाण्यास निघाला असता १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातील तोकात येथे, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो वारला. शिराझमध्ये त्याने धर्मांतरांची यादी मागे ठेवली नाही. मागे राहिला तो एक ग्रंथ, ज्याची प्रत्येक ओळ एका ख्रिस्ती पाहुण्याने आणि एका मुसलमान यजमानाने शेजारी बसून घडविली होती. श्रद्धा सांगायची ती अशी, की ऐकणारा आपल्या जागी ताठ बसून राहू शकेल. आणि सांगून झाल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना पुन्हा एकत्र कामाला बसता येईल.