राज्य लॉटरी : सोडतीचा कायदा आणि विजेत्याचा वाटा
(जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात)

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके संपूर्णतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये तेथील सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच राखीव असते. ते कोणत्या गावी महिलेकडे जावे, एवढाच प्रश्न सोडतीसाठी उरतो. या सोडतीत कोणी पैसा लावीत नाही. लॉटरीच्या सोडतीतही निवड दैवाधीनच असते. परंतु तेथे प्रवेशाचे मोल द्यावे लागते आणि म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने ती जुगार ठरते. हा जुगार शासनाने चालवावा आणि इतर कोणी चालविल्यास मात्र गुन्हा ठरावा, हे कोणत्या आधारावर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'जुगार' हा विषय राज्यघटनेने राज्यसूचीत ठेवला. परंतु केंद्र वा राज्य शासनाने चालविलेली लॉटरी संघसूचीच्या ४० व्या नोंदीत घातली. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. महसुलाइतकाच तिचा हेतू मटक्याकडे वळणारा पैसा अडविण्याचा होता. मटका मूळचा न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चाले. पुढे चिठ्ठ्यांवर आणि पत्त्यांवर आला. त्यात एका आकड्यावर पैसे लावता येतात, दहांत एक संधी असते आणि निकाल त्याच दिवशी लागतो. हरलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो, तो यामुळेच.

१९९८ च्या लॉटरी (विनियमन) कायद्याचे चौथे कलम या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. एक अंकी आकड्यावर बक्षीस देण्यास त्यात मनाई आहे. तिकिटे शासनाने छापावीत, सोडत शासनाने स्वतः व आपल्याच राज्यात काढावी, विक्रीचा पैसा शासकीय लेख्यात जमा व्हावा, न मागितलेले बक्षीस शासनाचे व्हावे, अशा अटी आहेत. कोणत्याही लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच, हीही एक अट आहे. मात्र वेगवेगळ्या नावांच्या साप्ताहिक लॉटऱ्या काढल्या की दररोज सोडत होऊ शकते, आणि २०१० च्या नियमांनी तर सर्व लॉटऱ्या मिळून दिवसाला २४ सोडतींपर्यंत मुभा दिली. मटक्यापासून दूर राहण्याचा कायद्याचा हेतू येथे बराच सैल झाला, असे म्हणावे लागते.

बी. आर. एंटरप्रायझेस प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य लॉटरीही जुगारच असल्याचे स्पष्ट केले. शासनाने चालविल्याने तिचे स्वरूप बदलत नाही. फक्त लोकांचा विश्वास व महसुलाचा विनियोग यांची हमी मिळते. त्याच निर्णयानुसार, स्वतः लॉटरी चालविणाऱ्या राज्याला परराज्यांच्या लॉटरीवर बंदी घालता येत नाही. अन्यत्र मार्ग निराळे आहेत. ब्रिटनमध्ये १९९४ पासूनची राष्ट्रीय लॉटरी खासगी कंपनी परवान्यावर चालविते आणि जुगार आयोग तिच्यावर देखरेख करतो. स्पेनच्या १८१२ पासूनच्या नाताळ सोडतीत शाळकरी मुले आकडे गाऊन सांगतात.

ब्रिटनमध्ये बक्षिसाच्या रकमेवर कर नाही. भारतात मात्र दोनदा कर पडतो. लॉटरीवरील वस्तू व सेवा कर मार्च २०२० पासून सरसकट २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. बक्षिसावर ३० टक्के प्राप्तिकर निराळा. या उत्पन्नाला किमान करमुक्त मर्यादेचा लाभ मिळत नाही. म्हणजे पावसाळा सरताच वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या, एरवी प्राप्तिकराशी कधीही संबंध न येणाऱ्या मजुरालाही हाच दर लागू होतो. अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना प्राप्तिकरातून मिळणारी सूट ईशान्येकडील विनिर्दिष्ट क्षेत्रे व लडाख यांपुरतीच आहे. पाचव्या अनुसूचीतील जव्हार-मोखाड्याच्या वारली, कोकणा, ठाकर वा महादेव कोळी विजेत्याला ती मिळत नाही.